तोंडातले खिळे

धाकट्याच्या तोंडात सकाळपासून संध्याकाळपर्यंत खिळे असायचे. सोफ्या-खुर्च्यांना स्पंज आणि कापड बसवणाऱ्या माणसाच्या तोंडात खिळे असणं यात नवल काहीच नाही. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळा द्यायला तिसरा हात आणायचा कुठून? म्हणून जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकाने तो तिथूनच उचलायचा आणि ठोकायचा. पण धाकटा हातोडी खाली ठेवल्यावरही खिळे तोंडातच ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की मानेनेच हो-नाही करायचा. फोन वाजला तर वाजू द्यायचा. कारण एकदा का खिळे थुंकले की तोंड मोकळं, आणि त्याचं तोंड मोकळं सुटलं की काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

युक्ती मूळ दादाची. दादा म्हणजे थोरला भाऊ. दुकान दोघांचं, गिऱ्हाईकं एकाला थोरले म्हणायची आणि एकाला धाकटे. आता थोरल्याला जाऊन वर्ष होत आलं, धाकट्याचे कानशिलावरचे केस पिकले, तरी तो धाकटाच राहिला. दोघं एकाच साच्यातले. रुंद पाठ, त्याहून रुंद पोट, आणि दोघांच्याही रक्तात साखर. "तोंडात खिळे असले की माणूस खात नाही आणि बोलत नाही," दादा म्हणायचा, "निम्मी दुखणी आणि निम्मी भांडणं तिथेच मिटली." म्हणायचा खरा, पण खिळे थुंकायला पहिला तोच.

लग्न दादाचं झालं, धाकट्याचं राहून गेलं. दुकानाच्या वरच घर होतं. तिथे वहिनी शिलाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवायच्या, आणि त्या मशीनची घरघर दिवसभर छतातून खाली झिरपत राहायची. दोघं भाऊ त्या आवाजात वाढले नसले तरी म्हातारे मात्र त्यातच होत गेले.

दादाचा पाय साखरेने खाल्ला. आधी एक साधा फोड, मग अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. नकली पाय बसला, हातात काठी आली. काठीच्या टोकाचं रबर झिजलं तेव्हा नवं आणायचा कंटाळा म्हणून दादाने तिथे चपट्या डोक्याचा एक खिळा ठोकून दिला. कारागिराच्या घरात सगळ्यावर खिळा हेच औषध. तेव्हापासून दुकानाच्या मागच्या भागात, उघड्या फरशीवर, दादा चालला की आवाज यायचा. टक्. मग नकली पाय घासत यायचा, मग पुन्हा टक्. मागे त्याची स्वतःसाठी बनवलेली ऐसपैस खुर्ची होती, आणि खुर्चीपासून थोडं पुढे भिंतीतलं कपाट. त्या कपाटात स्प्रिंगांच्या वेटोळ्यांमागे बिस्किटं असायची. दुपारी टक् ऐकू आलं की वरचं मशीन थांबायचं, आणि वहिनी जिना उतरायच्या. त्या खाली पोचेपर्यंत दादाचे दोन्ही गाल भरलेले असायचे. शेवटी शेवटी वहिनींनी उतरणं सोडून दिलं. मशीन तेवढं थांबायचं. त्या वर बसून नुसतं ऐकायच्या.

दादा गेला त्या दिवशी माणसं पांगल्यावर त्या धाकट्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. डोळे कोरडे होते.

"भाऊजी, एक पाय मी धुतला. रोज धुतला. वास सहन होईना तरी धुतला. दुसरा धुणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

धाकट्याने कानाला खडा लावला. तोही मनापासून. असे खडे त्याने आधीही लावले होते, पण ते वहिनींना माहीत होतं आणि त्यालाही.

वहिनीच त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी त्याला पलंगावर निजवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. "मी तळपायाला टोचणार आहे. टोचलं की सांगा." धाकटा डोळे मिटून वाट बघत राहिला. बराच वेळ गेल्यावर म्हणाला, "बाई, सुरू कधी करणार?"

"झालं करून," बाई म्हणाल्या.

वहिनींनी तोंड खिडकीकडे फिरवलं. बाईंनी मग सावकाश समजावलं. पायातलं दुखणंच मेलंय, म्हणजे राखणदार झोपलाय. आता डोळ्यांनी राखण करायची. रोज तळपाय आरशात बघायचे. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, दुकानात तर नाहीच. चप्पल आतून मऊ आणि तळाला जाड हवी. नाहीतर भावाचं झालं ते व्हायला वेळ लागणार नाही. दिवसभर उभं राहून हातोडी चालवणाऱ्या माणसाला पाय गेला म्हणजे काय गेलं, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

बाईंनी लिहून दिलेली जाड तळाची पादत्राणं आणली, पण त्यांचे पट्टे बांधायला वाकावं लागे आणि मध्ये पोट येई. मग धाकट्याने आपलं डोकं चालवलं. मऊ म्हणालात ना? मऊपणाच्या बाबतीत या गावात माझ्याहून शहाणा कोण आहे? सोफ्याचा उत्तम स्पंज कापला, वरून उरलेलं रेक्झिन चढवलं, आणि दुकानात घालायला अशा स्लिपर बनवल्या की पाय ठेवला की रुतावा. आतून मऊ, बाहेरून मऊ, सगळीकडूनच मऊ. बाईंचं निम्मं वाक्य त्याने कामाला आणलं होतं आणि उरलेलं निम्मं सोयीने विसरला होता. वहिनींनी विचारलं, "तळ जाड हवा म्हणाल्या होत्या ना?" तो म्हणाला, "अहो, बोटभर जाड आहे की!"

आणि आरसा? आरसा त्याने एकदाच धरला होता. त्यात जो पाय दिसला तो त्याला स्वतःचा वाटला नाही. फुगलेला, फिकट, नखं जाड झालेली, हुबेहूब दादाचा पाय, कापायच्या आधीचा. त्याने आरसा कपड्यांच्या कपाटात पालथा घालून ठेवला. वहिनींनी विचारलं की "बघतो ना रोज" म्हणायचा.

खाण्याचं मात्र त्याला स्वतःलाच कोडं होतं. भूक म्हणावी तर पोट भरलेलं असायचं. हौस म्हणावी तर चवही लागायची नाही. कामात असताना मधेच अंगातून एक कळ सरकायची, कान गरम व्हायचे, आणि हात निघायचा. हात आधी जायचा, मन मागून धापा टाकत यायचं. मन पोचेपर्यंत पुडा रिकामा झालेला असायचा, कागदाच्या घड्या करून झालेल्या असायच्या, आणि मग यायची ती भीती. लगेच बोट टोचून साखर मोजायच्या मशीनवर आकडा बघायचा. थोड्या वेळाने पुन्हा टोचायचं, जणू दोनदा विचारलं की मशीन आपलं म्हणणं बदलेल. आणि या सगळ्या भीतीवर उतारा म्हणून काय, तर पुन्हा त्याच गोड गोळ्या आणि बिस्किटं. त्याला आपली शरम वाटायची. रडू यावं इतकी वाटायची.

वहिनींनी कपाटाला कुलूप लावलं तेव्हा त्याने दुसरी जागा शोधली, आणि त्या जागेचा शोध फक्त या धंद्यातल्या माणसालाच लागावा. खुर्चीच्या बैठकीखाली पातळ कापड ठोकलेलं असतं. त्याचा एक कोपरा मोकळा ठेवला की आत स्प्रिंगांमध्ये मावेल तेवढं मावतं. दुकानात दुरुस्तीला आलेल्या कुठल्या ना कुठल्या खुर्चीच्या पोटात धाकट्याचा माल असायचाच. खुर्ची परत द्यायच्या आधी तो काढून घ्यायचा, कोपरा ठोकायचा. कधी चुकला नाही. एकदा चुकला.

शाळेच्या निवृत्त मोठ्या बाईंचा सोफा घरी पोचून आठवडा झाला आणि बाई दुकानात उभ्या राहिल्या.

"सोफा सुंदर झालाय," त्या म्हणाल्या. "फक्त त्यावर बसायचा मान मुंग्यांचा आहे. आम्ही घरचे उभे असतो."

धाकट्याच्या तोंडात खिळे होते म्हणून बरं, बोलावं लागलं नाही.

"मी खालचं कापड उसवलं," बाईंनी पिशवीतून एक चिकट झालेला पुडा काढून टेबलावर ठेवला. "क्रीमची बिस्किटं. मी शाळेत अशी दप्तरांतून पुष्कळ पकडली. सोफ्यातून पहिल्यांदाच."

नेमक्या त्याच वेळी वहिनी शिवलेले अभ्रे घेऊन खाली आल्या होत्या. त्यांनी पुडा बघितला, धाकट्याकडे बघितलं, बाईंची माफी मागितली. धाकट्याला वाटलं आता आकाश फाटणार. पण वहिनी वळल्या. वर गेल्या, दादाची काठी घेऊन आल्या, आणि मागच्या भागात दादाच्या रिकाम्या खुर्चीला ती टेकवून ठेवली. "इथे राहू दे," एवढंच म्हणाल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून त्याला मागे बघवेना. पुढच्या भागात, दारापासून कामाच्या टेबलापर्यंत, जुना गालिचा अंथरलेला होता, तिथे तो वावरायचा. मागे उघडी फरशी, कपाट, खुर्ची आणि काठी. पण माल सगळा मागेच होता, मोडक्या आरामखुर्च्यांच्या पोटांत.

त्यानंतरच्या एका दुपारी ती कळ पुन्हा सरकली. वर मशीन चालू होतं. धाकटा तोंडभर खिळे घेऊन मागे गेला, काठीकडे पाठ केली, एका आरामखुर्चीखाली हात घातला. हाताला गोळ्यांची पिशवी लागली तसा धीर सुटला. खिळे ओंजळीत थुंकायचं भान कुठलं! अर्धे ओंजळीत पडले, अर्धे फरशीवर सांडले. त्याने गोळ्या खाल्ल्या. चावून खाल्ल्या, कागदासकट एखादी गेली असेल. पिशवी संपल्यावर भानावर आला, हातोडीचं चुंबक फरशीवरून फिरवलं, चिकटले ते खिळे डबीत टाकले. खाली वाकून बघणं त्याच्या पोटाला मान्य नव्हतं. सगळे आले असतील असं म्हणाला आणि पुढे जाऊन कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी तीच वेळ. त्याने गालिचा ओलांडला, फरशीवर पाऊल टाकलं.

टक्.

धाकटा जागीच थिजला. मागे वळून बघितलं. कुणी नाही. काठी खुर्चीला टेकून होती तशीच होती. त्याने श्वास रोखला. आवाज नाही. एक पाऊल टाकलं, काही नाही. दुसरं टाकलं.

टक्.

तो आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. खिळ्याचं डोकं फरशीवर पडल्याचा, थोडा बद्द, थोडा धारदार. तसाच मंद, तेवढंच अंतर राखून. धाकटा कसाबसा गालिच्यावर परतला आणि आवाज बंद झाला. त्या दिवशी त्याने मागे जायचं नाव काढलं नाही.

पण कळ काही भुताला भिऊन राहत नाही. पुढच्या दुपारी त्याने पुन्हा धीर केला. पुन्हा गालिचा संपला आणि टक्. तो थांबला की आवाज थांबे, तो निघाला की निघे. बरोबर कपाटाच्या, खुर्च्यांच्या वाटेवरच. कामाच्या टेबलापाशी कधी नाही, दारात कधी नाही. फक्त जिथे खायला जायचं तिथे. दादा सोबत चालत होता.

"दादा?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "तू आहेस का रे?"

खुर्ची गप्प होती. धाकट्याची पाचावर धारण बसली होती हे खरं, पण त्या भीतीच्या तळाशी काहीतरी ऊबदारही होतं, आणि ते त्याने स्वतःपाशीही कबूल केलं नाही. वर्षभर त्या दुकानात त्याच्याशी कुणी असं चाललं नव्हतं.

"बरं बाबा," तो म्हणाला. "नाही घेत. जातो परत."

आणि तो खरंच परत गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. मग एके सकाळी त्याने सगळ्या खुर्च्यांची पोटं रिकामी केली. टक् टक् आवाज सोबतीला घेऊन मागच्या भागात फेऱ्या मारल्या, सगळा माल एका पोत्यात भरला आणि कचऱ्याच्या गाडीत नेऊन टाकला. डॉक्टरीणबाईंना जमलं नाही, वहिनींना जमलं नाही, ते मेलेल्या भावाने करून दाखवलं. कळ यायची, हात निघायचा, पाऊल पडायचं, टक्, आणि हात मागे यायचा. इतकं सोपं होतं होय, असं त्याच्या मनात आलं.

साखर मात्र उतरेना. उलट चढायला लागली. धाकटा रोज बोट टोचायचा आणि मशीनच्या आकड्याकडे बघत राहायचा. दोन घास कमी केले, तरी चढली. रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलं, तरी चढली. वहिनींनी एके सकाळी आकडा बघितला आणि त्यांचे ओठ पातळ झाले.

"परत सुरू केलंत."

"नाही, वहिनी. शपथ घेतो."

"शपथा मी तुमच्या भावाच्याही ऐकल्यात."

त्या खाली आल्या आणि त्यांनी एकेक खुर्ची उलटी केली, एकेक कोपरा उसवला. धाकटा टेबलाला टेकून बघत होता. काही सापडेना तशा त्या जास्तच चिडल्या. आयुष्यात पहिल्यांदा तो खाण्याबाबत खरं बोलत होता आणि नेमका आताच त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

"पाय तरी बघता ना रोज?" जाताना त्यांनी विचारलं.

"बघतो ना," तो म्हणाला.

त्या दुपारी त्याच्या डोक्यात एक भलतीच गोष्ट शिरली. मी खात नाही आणि साखर माझीच वाढतेय. मग खातंय कोण? दादा माझ्यासोबत कपाटापर्यंत येतो, आणि मी परत फिरल्यावर तो कुठे जातो? गालिच्यावर तर तो येत नाही. तो तिथेच थांबतो, आणि खातो. खातो तो, आणि चढते माझी. अंगात कणकण होती म्हणून असेल, पण हा विचार त्याला अगदी सरळ आणि खरा वाटला. थंडी वाजून आली. तो स्पंजाच्या ढिगावर आडवा झाला आणि छतातून झिरपणारी मशीनची घरघर ऐकत पडून राहिला.

वहिनी चहा घेऊन आल्या तर हा कुडकुडतोय. कपाळाला हात लावला आणि दचकल्या.

"काय होतंय, भाऊजी?"

"दादा येतो," तो म्हणाला. "रोज येतो. मागे गेलो की माझ्या बरोबरीने चालतो. माझं खाणं त्याने सोडवलं वहिनी, पण आता तोच खातोय."

वहिनींनी कप खाली ठेवला. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज ठाम होता. "उठा. मला दाखवा."

तो उठला. स्लिपरमध्ये पाय सरकवले. गालिच्यावरून चालला तोवर काही नाही. फरशीवर उजवं पाऊल पडलं.

टक्.

वहिनींनी भिंत धरली. इतक्या दुपारी त्यांनी वर बसून हाच आवाज ऐकला होता.

"आणखी चाला."

टक्.

काठी खुर्चीला टेकून होती. वहिनींनी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि त्यांचा आवाज फुटला. "पुरे करा हो आता," त्या खुर्चीला म्हणाल्या. "तुमचं तुम्ही केलंत. यांना तरी सोडा."

धाकट्याने घाबरून एक पाऊल मागे घेतलं. टक्. आणि पाऊल उचलताना त्याच्या स्लिपरच्या तळाला काहीतरी चमकलं.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "हलू नका. तो पाय वर करा."

त्यांनी त्याला दादाच्या खुर्चीत बसवलं. वर्षभरात त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. त्या खाली बसल्या आणि उजवी स्लिपर उलटी धरली. तळातून एका खिळ्याचं चपटं डोकं बाहेर होतं, फरशीवर घासून घासून नव्या नाण्यासारखं लखलखीत झालेलं. त्यांनी स्लिपरच्या आत बोट घातलं आणि झटकन मागे घेतलं. आत खिळ्याचं टोक उभं होतं. ते लखलखीत नव्हतं, काळपट तपकिरी होतं. बोटभर मऊ स्पंज त्याने केव्हाच पार केला होता. रोज सकाळी धाकटा त्यात पाय घालायचा, रोज संध्याकाळी काढायचा, आणि त्याला काही कळत नव्हतं.

धाकट्याने तो खिळा ओळखला. त्याच्या तोंडातलाच होता.

मोजा पायाला चिकटला होता. वहिनींनी तो हळूहळू सोडवला आणि वास आला. त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. मग उठल्या आणि जिना चढून वर गेल्या. धाकटा खुर्चीत बसून होता. बरोबर आहे त्यांचं, तो मनाशी म्हणाला. त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्याला दादाची आठवण झाली, आणि दादा आलाच नव्हता हे तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. इतके दिवस तो एकटाच चालत होता. पायाचं त्याला काही वाटलं नाही. या गोष्टीचं मात्र फार वाईट वाटलं.

वर नळ सुरू झाल्याचा आवाज आला. वहिनी घमेलं घेऊन खाली आल्या, पदर खोचला आणि त्याचा पाय मांडीवर घेतला.

"तुम्ही धुणार नाही म्हणाला होतात," धाकटा म्हणाला.

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "खिळे घाला तोंडात."

त्याने खिळे तोंडात घातले. ते गार लागले. डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं, पण पुसायला त्याने हात उचलला नाही.

रुग्णालयात पाचही बोटं गेली आणि पावलाचा पुढचा भाग गेला. टाच वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्या दिवशीच बघितलं असतं तर एका मलमपट्टीवर भागलं असतं. साखर चढली होती ती जखमेतल्या पुवाने, खाण्याने नव्हे. हे ऐकून वहिनींनी धाकट्याकडे बघितलं.

"म्हणजे खरं बोलत होतात."

"हो."

"आणि पाय बघतो म्हणत होतात ते?"

धाकट्याने मान खाली घातली.

तो घरी आला तेव्हा वहिनींनीच खुर्चीला टेकवलेली काठी उचलून त्याच्या हातात दिली. टोकाचा खिळा काढायचा राहिला होता, की त्यांनी काढला नव्हता, कोण जाणे. धाकटा पुन्हा दुकानात बसायला लागला. आता बसूनच काम करायचा, दादाच्या खुर्चीत, मागच्या भागात. पायात जाड तळाची पादत्राणं, पट्टे वहिनी बांधून द्यायच्या, आणि समोर आरसा सुलटा.

एका दुपारी एक गिऱ्हाईक खुर्च्या घेऊन गेलं आणि जाताना कौतुकाने केकचा डबा ठेवून गेलं. धाकट्याच्या तोंडात खिळे होते, नको म्हणता आलं नाही. डबा खुर्चीशेजारच्या टेबलाच्या कडेला बसला. वर मशीन चालू होतं. धाकट्याने तीन-चार खिळे ठोकले आणि अंगातून ती कळ सरकली.

त्याने खिळे थुंकले, डबीत. हात निघाला. तो वाट बघत राहिला. फरशी गप्प होती. दादा येणार नव्हता, आणि पायात खिळाही नव्हता. आता त्याला थांबवणारं त्या खोलीत काही उरलं नव्हतं. हात झाकणावर जाऊन बसला. कान तापले होते. धाकट्याला स्वतःची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

त्याने डाव्या हाताने काठी उचलली आणि फरशीवर आपटली.

टक्.

वरचं मशीन थांबलं. वर त्या ऐकत होत्या. दादा असताना शेवटच्या महिन्यांत त्या अशाच बसून राहायच्या, हे त्याला माहीत होतं. उजवा हात झाकणाशी चाळा करू लागला होता. त्याने काठी पुन्हा आपटली, मग आणखी एकदा जोरात. दादाने कधी कुणाला हाक मारण्यासाठी ती आपटली नव्हती.

वर खुर्ची सरकली. मग जिन्यावर पावलं वाजली, एकेक पायरी, घाईघाईने. धाकटा दाराकडे बघत काठी आपटत राहिला. वहिनी आत आल्या तेव्हा त्याचा हात झाकणावरच होता, आणि झाकण अजून लागलेलं होतं.